कोंडाजीचं रविवारचं पाणी

पेज नदीला रविवारची सुट्टी असायची. हसायला काय झालं? खरंच असायची. सोमवार ते शनिवार कंबरभर पाण्याने खळाळत जाणारी नदी, अगदी ऐन वैशाखातसुद्धा, आणि रविवार उजाडला की पात्रात नुसते गोटे. कारण साधं होतं. वर डोंगरात धरण, धरणाचं पाणी मोठाल्या नळांतून खाली वीजघरात उतरायचं, तिथली चाकं फिरवायचं आणि मग पेजेत यायचं. ती वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना. रविवारी गिरण्या बंद, म्हणून वीजघर गप्प, म्हणून नदी कोरडी. शहाण्या माणसांनी याचं शास्त्र काय सांगायचं ते सांगावं, काठच्या गावांना एवढंच ठाऊक होतं की मुंबईचा माणूस घरी बसला की आपली नदीही घरी बसते.

आणि गावांनी आपली सगळी घडी त्यावरच बसवली होती. गोधड्या धुवायच्या त्या रविवारी, खळग्यांत उरलेल्या पाण्यात, म्हणजे पात्रातल्या कातळावरच वाळत टाकता येत. बैलगाडी पलीकडे न्यायची ती रविवारी. वऱ्हाड नदी ओलांडून येणार असेल तर भटजींना आधीच बजावून ठेवायचं, "मुहूर्त रईवारचा काढा, नायतर नवरी भिजंल."

अशा त्या कोरड्या रविवारी नदीला पाणी आणणारा एकच माणूस त्या पट्ट्यात होऊन गेला. कोंडाजी त्याचं नाव. भाताची चार खाचरं, एक बैलजोडी, अंगाने काटक आणि बोलायला महाकंजूष. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे फणसातला गरा काढण्यासारखं, हाताला तेल लावूनच बसावं लागे. ती सगळी कसर त्याच्या बायकोने, चंद्राबाईने, भरून काढली होती. ती बोलायला लागली की पलीकडच्या काठावरचे बैल चरायचे थांबतात, असं गावात म्हणत.

कोंडाजीला एक धाकटा भाऊ, सहदेव. आईबाप एकापाठोपाठ एक गेले तेव्हा सहदेव इतका लहान होता की कोंडाजीने त्याला खांद्यावर बसवून नांगर धरला. पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याला. चैन म्हणून त्या घरात एकच वस्तू होती, ती म्हणजे तराफा. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं, पाण्यावर झकास तरंगतं. त्याचे ओंडके काथ्याच्या दोरीने बांधायचे, पुढे सहदेव बसणार, मागे बांबू घेऊन कोंडाजी. सोमवारी वरून पाणी सुटलं की आधी गार वारा यायचा, मग आवाज, मग धुणं धुणाऱ्या बायकांची हाकाटी, "पानी आलं गं, भांडी उचला!" की हे दोघे निघाले. खडकाच्या खिंडीतून सुटायचं, वळणावर एक हिसका खायचा आणि थेट उंबराच्या डोहात. सहदेव असा ओरडायचा की घरी चुलीपुढे बसलेली चंद्राबाई म्हणायची, "पोचले मेले डोहात, भाकऱ्या टाकायला हरकत नाय."

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला सहदेव मुंबईला गिरणीत लागला. पहिल्यांदा घरी आला तो अर्थातच रविवारी. कर्जतला उतरून भिसेगावावरून शेताशेतांनी पळतच आला. पिशवी ओटीवर टाकली, वैनीला "आलो गं" म्हणाला आणि तसाच नदीवर. मागोमाग कोंडाजी. बघतो तर पात्र कोरडं ठणठणीत.

"दादा, नदी कुठं गेली?"

"तुला सुट्टी, मंग तिला बी सुट्टी," कोंडाजी म्हणाला.

रविवारी नदी आटते हे सहदेवला काय नवीन होतं? जन्मल्यापासून बघत होता. पण तेव्हा आठवड्याचे बाकीचे दिवसही त्याचेच होते. आता त्याच्या वाट्याला फक्त रविवार उरला होता. तो म्हणाला, "म्हंजे मी हाय तवा पानी नाय, आन पानी हाय तवा मी नाय," आणि हसला. हसू अर्ध्यातच थांबलं. कोंडाजीला ते अर्धं हसू जिव्हारी लागलं.

पुढच्या शनिवारी कोंडाजी बैल सोडून नदीत उतरला. गावाला वाटलं, मासे धरायला बांध घालतोय. शनिवारी संध्याकाळी वरचं पाणी हळूहळू ओसरतं, त्या ओसरत्या पाण्याला अडवायचं होतं. लवकर बांधलं तर वाहतं पाणी बांध घेऊन जातं, उशीर केला तर अडवायला पाणीच राहत नाही. खिंडीत दोन्ही अंगांना कातळ आणि मध्ये गाडी जाईल एवढी वाट. तिथे त्याने गोटे रचले, गोट्यांत पेंढा ठासला, वर पळसाची पानं आणि चिकणमाती. मधोमध गोठ्याच्या मोडक्या दाराची फळी उभी केली, ओढली की निघेल अशी.

पहिल्या आठवड्यात बांध फुटला. दुसऱ्या आठवड्यात गळून गळून सकाळी खिंड रिकामी. चंद्राबाई काठावर उभी राहून तोंड वाजवत होती, "बायकोला हंडाभर पानी आनून द्यायचं तर पाठ धरती, आन भावासाठी नदी अडवतायत! येड लागलंय, दुसरं काय!" बोलत होती आणि बोलता बोलता पदर खोचून मातीचे गोळे करून देत होती, हेही सांगितलं पाहिजे.

तिसऱ्या रविवारी सहदेव आला तेव्हा खिंडीत छातीभर पाणी उभं होतं. बांधाच्या खाली कोरड्या गोट्यांवर तराफा मांडून ठेवलेला. सहदेव बघतच राहिला.

"बस," कोंडाजी म्हणाला.

सहदेव बसला. कोंडाजीने वर जाऊन फळी ओढली. आधी एक धार सुटली, मग फट रुंदावली, मग अख्खा बांधच सरकला आणि आठवडाभर जे पाणी सहदेवच्या वाट्याला येत नव्हतं ते पाठीमागून येऊन त्याला उचलून घेऊन गेलं. फळी काढणाऱ्याला वरच थांबावं लागणार, हे ओघानेच आलं. पाणी सुटलं की कोंडाजी धोतर खोचून काठाने पळत सुटायचा, फळी हातात तशीच. डोहापाशी पोचेपर्यंत छाती भात्यासारखी वरखाली.

"दादा, पाह्यलंस का?" सहदेव डोहातून ओरडायचा.

"पाह्यलं, पाह्यलं!" हा काठावरून म्हणायचा.

सोमवारी वीजघर सुरू झालं की उरलेसुरले गोटे वाहून जायचे. शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. पावसाळा सोडला तर एक शनिवार चुकला नाही. आजारी असला तरी नाही, आणि कापणी-झोडणीची घाई असली तरी चंद्राबाईच्या शिव्या खाऊन, पण नाहीच.

कधीमधी सणासुदीच्या आठवड्यात गिरणीची सुट्टी दुसऱ्या वाराला जायची आणि रविवारी गिरणी चालायची. त्या दिवशी वरून पाणी यायचं. अडवलेलं पाणी उन्हाने कोमट झालेलं असतं, वीजघराचं पाणी मात्र गार. कोंडाजी बांधाशी पाण्यात पाय सोडून बसायचा. पायाला गार लागलं की समजायचा, आज गिरणी चालू, आज सहदू येत नाय. आणि खरंच तो यायचा नाही. हा हिशेब वर्षानुवर्षं कधी चुकला नाही. भावाची खबर नदीच आणून द्यायची म्हणा ना.

काय ते रविवार होते! साठ सालानंतर सहदेवबरोबर त्याच्या खात्यातले दोस्त येऊ लागले. त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबा आणल्या. कर्जतच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायची आणि गळ्यात हार घातल्यासारख्या ट्यूबा घालून वाजतगाजत गावात शिरायचं. पांगाऱ्याचे ओंडके गेले, बांबूच्या चौकटीला ट्यूबा बांधलेला नवा तराफा आला. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. मग कचेरीतले लोक यायला लागले, कॉलेजातली पोरं-पोरी यायला लागली. डबे सोडायचे, उंबराखाली ताणून द्यायची, आणि कोंडाजीने फळी काढली की एकच आरडाओरडा. कोणी साहेब असो की हमाल, डोहात पडला की सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघायचा. कोणी चहाची पुडी ठेवून जाई, कोणी बिस्किटं. कोंडाजी नको नको म्हणायचा, चंद्राबाई हो हो म्हणून आत ठेवायची.

एकदा एक जाडसे गृहस्थ डोळ्यांना मोठा काचेचा चष्मा आणि तोंडात वाकडी रबरी नळी घालून खिंडीतल्या पाण्यात पालथे पडून राहिले. पाण्याच्या वर नळी तेवढी. ठमी नावाची म्हातारी गोधड्या धूत होती, ती बोंबलत गावात गेली, "मुंबईचा बाबा बुडालाय आन बुडून बिडी वढतोय!" अख्खं गाव धावलं. नंतर त्या गृहस्थांनी तो चष्मा कोंडाजीला घालायला दिला. कोंडाजीने पाण्यात डोकं घातलं ते बराच वेळ बाहेरच काढेना. काय काय दिसलं म्हणून सगळ्यांनी विचारलं.

"बांध डाव्या अंगाला गळतोय," कोंडाजी म्हणाला.

माणसं कितीही येवोत, एक गोष्ट ठरलेली होती. पाणी सहदेवचं. तो येऊन पुढच्या ट्यूबवर बसला की मग बाकीचे त्याच्या मागे, आणि मग फळी. हे कोणी कोणाला सांगावं लागत नसे.

सहदेवचं लग्न जरा उशिराच झालं. बायको घाटावरची, मावळातली, विमल. मुंबईतल्या खोलीत राहायची, गावी आली तर थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. सरळ बोलणं तर नाहीच, बोलायचं ते जावेच्या आडून, "भावजींना इचारा, भाकरी वाढू का." सहदेव तिला तराफ्याच्या गोष्टी सांगून सांगून थकला. ती म्हणायची, "कोरड्या नदीत व्हडी चालती? मला काय येडी समजता?" आणि तोंडाला पदर लावून हसायची.

मग त्यांची पहिली पोर गेली. नुकती भिंतीला धरून चालायला लागलेली, तापाने गेली. विमलचं हसू गेलं, बोलणंही गेलं. रडलीसुद्धा नाही धड. त्या साली शिमग्याला सहदेव एकटाच आला. होळी पेटली तेव्हा कोंडाजीच्या शेजारी उभा राहिला आणि जाळाकडे बघत म्हणाला, "दादा, येत्या रईवारी विमलला आनतो. तिला तराफ्यावर बसवायची हाय. एकदा वरडू दे मोकळ्यानं. वरडली तर रडंल, आन रडली तर जगंल."

"आन," कोंडाजी म्हणाला. एवढा एकच शब्द, पण त्या शनिवारी त्याने घातला तसा बांध त्याने आयुष्यात घातला नव्हता. फटीफटीत माती लिंपली. सकाळी खिंडीत गळ्याएवढं पाणी, थेंब गळत नव्हता. त्याने तराफ्याच्या दोऱ्या नव्या केल्या. चंद्राबाईने पुढच्या ट्यूबवर घडी करून घोंगडी घातली, विमलला बोचू नये म्हणून.

मुंबईची मंडळी आली, उंबराखाली बसली. सहदेव यायचा त्या दुपारच्या गाडीला अजून अवकाश होता. कोंडाजी बांधाशी पाय सोडून बसला होता आणि एकाएकी त्याच्या पायाला गार लागलं.

त्याने पाय काढला, पुन्हा घातला. गारच. खिंडीतलं पाणी बोटाबोटाने चढायला लागलं. वरून वीजघराचं पाणी येत होतं, यात शंका नव्हती. वीजघर चालू म्हणजे गिरणी चालू. गिरणी चालू म्हणजे सहदू येत नाय. कोंडाजीचं तोंड उतरलं.

चंद्राबाई म्हणाली, "अवं, थांबा की वाईच. गाडी तर येऊ द्या."

"पानी खोटं बोलत नाय," कोंडाजी म्हणाला.

पाणी बांधाच्या माथ्यावरून सांडायला लागलं. आता बांध आपोआप फुटणार हे दिसत होतं, आणि फुटला तर मोकळा तराफा खडकांवर आपटून ट्यूबा फाटणार. मंडळी गलका करायला लागली, "बाबा, काढा की फळी! काढा की!" कोंडाजीने त्यांना तराफ्यावर बसवलं. घोंगडीवर कोणीतरी परका बसला. आणि त्याने फळी ओढली.

पाणी सरकून गेलं, पात्रातले गोटे पुन्हा उघडे पडले, आणि वळणाच्या वाटेने सहदेव येताना दिसला. मागे विमल. नवं लुगडं नेसलेली, हातात नदीला वाहायला नारळ. खाली डोहात बाराचौदा परकी माणसं खिदळत होती. वरून येणारं पाणीही तोवर थांबलं होतं. वीजघरात काही दुरुस्ती झाली होती, मशीन नीट चालतंय का म्हणून घटकाभर फिरवून बघितलं, हे मागाहून कळलं. मागाहून कळून काय उपयोग?

"सहदू," कोंडाजी म्हणाला, "पानी गार लागलं रं... मला वाटलं गिरनी..."

सहदेवने ओल्या गोट्यांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "असू दे, दादा. लोकांची सोय झाली."

त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. विमलने नारळ एका ओल्या दगडावर ठेवला आणि मागे फिरली. चंद्राबाईने जेवायला बसवलं, दोघांनी दोन घास खाल्ले आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेली.

त्यानंतर सहदेव रविवारी कधी आला नाही. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. पावसापाण्याचं बोलायचा, भाताचं विचारायचा, बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा. नदीचा मात्र विषय नाही, आणि नदीकडे पाऊलही नाही. विमल आलीच तरी स्वयंपाकघराच्या बाहेर दिसायची नाही. दोघांना पुढे मूल झालं नाही.

कोंडाजीने काय करावं? त्याने दर शनिवारी बांध घातला. माणसं येत राहिली, त्यांनाही तो नाही म्हणाला नाही. फक्त दोन गोष्टी बदलल्या. पुढच्या ट्यूबवर तो कोणाला बसू देईना. आणि दुपारची गाडी येऊन, त्या गाडीचा माणूस चालत गावात पोचेल एवढा वेळ जाऊन, वळणाची वाट रिकामी दिसेपर्यंत त्याचा हात फळीला लागत नसे. मंडळी ताटकळायची.

"बाबा, आता कशाला थांबायचं?"

"पानी मुरू दे," तो म्हणायचा.

मुंबईच्या पोरांना ते खरंच वाटायचं. एकमेकांना सांगायची, अडवलेलं पाणी आधी मुरावं लागतं म्हणे, त्याशिवाय जोर येत नाही.

चंद्राबाई एकदा भडकलीच. "येवढे दगड वाहताय त्यापेक्षा मुंबईला जावा आन सांगा की त्याला तोंडानं! गोटे काय सांगनार हायत?"

कोंडाजी फळीवरचा चिखल खरवडत राहिला. मग म्हणाला, "मला बोलता येत नाय गं. मला बांध घालता येतो."

चंद्राबाई पदर खोचून मातीचे गोळे करायला बसली.

अशी वर्षं गेली. कोंडाजीच्या मिशा पिकल्या, गुडघे कुरकुरायला लागले. त्र्याऐंशीच्या सुमाराला सहदेवच्या गिरणीला टाळं लागलं. एक दिवस तो आणि विमल ट्रंक, स्टोव्ह आणि दोन वळकट्या घेऊन कायमचे गावी आले. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने सहदेवची छाती खाल्ली होती, चार पावलं चालला की खोकायचा. आता त्याला रोजच रविवार होता आणि बाकीच्या गिरण्या-कारखान्यांच्या जिवावर नदी सहा दिवस दाराशी भरून वाहत होती. पण हा ओटीच्या एका टोकाला आणि कोंडाजी दुसऱ्या. मध्ये विड्यापानाचं तबक. भाऊ घरात आला आणि तरी आला नाही, याचं कोंडाजीला जे दुःख होतं ते तो मुंबईत असताना नव्हतं.

शनिवार आला. उन्हं कलली तसा कोंडाजी उठला, फळी खांद्यावर टाकली आणि कोणाला काही न सांगता नदीकडे निघून गेला.

सहदेव तसाच बसून राहिला. मग चंद्राबाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "भावजी, येक इचारू? रईवार तुमी लई पाह्यलेत. शनवार कधी पाह्यलाय?"

सहदेवने मान वर केली.

"नाय ना पाह्यला? मंग जावा. बघून या, शनवार कसला असतो ते."

तो गेला. सावकाश, खोकत, थांबत थांबत. खिंडीच्या वर पोचला आणि तिथेच उभा राहिला. खाली ओसरत्या पाण्यात मांडीपर्यंत बुडालेला म्हातारा वाकून गोटा उपसत होता. गोटा पोटाशी धरायचा, दोन पावलं टाकायची, पाण्याच्या रेट्याने हेलपाटायचं, सावरायचं, गोटा ठेवायचा. मग कमरेवर हात ठेवून एक श्वास. पुन्हा वाकायचं. सहदेवच्या मनात कुठेतरी असंच बसलं होतं की रविवारी खिंडीत पाणी असतंच, दादाच्या घरी भाकरी असते तसं. ते कसं येतं, कोणाच्या पाठीवरून येतं, याचा विचार त्याला इतक्या वर्षांत एकदाही शिवला नव्हता. त्याला तिथल्या तिथे भडभडून आलं.

तो पाण्यात उतरला. एक लहानसा गोटा उचलला आणि कोंडाजीच्या हातात दिला.

कोंडाजीने गोट्याकडे बघितलं, मग भावाकडे. "छाती बरी नाय तुजी. वर बस."

"असू दे, दादा."

तेच शब्द, पण या वेळी ऐकताना कोंडाजीला हलकं वाटलं. अंधार पडायच्या आत बांध उभा राहिला. बऱ्याच वर्षांनी दोघांच्या अंगाला एकच चिखल लागला होता.

रविवारी मुंबईची मंडळी आली, नारिंगी जाकिटं घालून, हवा भरायची रबरी होडी घेऊन. कोंडाजी त्यांना सामोरा गेला आणि हात जोडून म्हणाला, "आज पानी घरचं हाय. तुमी काठावर बसा." त्याच्या तोंडाकडे बघून कोणी वाद घातला नाही. सगळी मंडळी उंबराखाली ओळीने बसली.

विमल आली. केस पांढरे झालेले, डोक्यावर पदर तसाच. सहदेवने तिला पुढच्या ट्यूबवर बसवलं, स्वतः मागे बसला. कोंडाजी फळीकडे वळला. तेवढ्यात विमल जावेकडे बघून म्हणाली, "अवो बाई, आन भावजी कुठं बसनार?"

"दादा बसत नाय," सहदेव सहज बोलून गेला. "दादा फळी काढतो."

बोलला आणि त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. तो ट्यूबवर अवघडून वळला. "दादा, तू कधी बसलाच नायस? बांध घालाय लागल्यापासनं येकदाबी नाय?"

"फळी कोन काढनार मंग?" कोंडाजी म्हणाला. त्याच्या दृष्टीने उत्तर संपलं होतं.

"येका रईवारच्या पान्यासाठी मी तुज्यावर रुसून बसलो," सहदेव म्हणाला, "आन तुला तर येक बी रईवार मिळाला नाय." त्याला खोकल्याची उबळ आली.

चंद्राबाईने पदर खोचला. "रडगानी डोहात गावा. अवं, सरका तिकडं. बसा भावाच्या मागं. फळी मी काढते."

"तुला जमायचं नाय गं, जोर लागतो."

"इतकी वर्सं मातीचे गोळे कोन वळत व्हतं? बसा म्हनते ना!"

कोंडाजी बसला. हात कुठे ठेवावेत तेही त्याला कळेना, शेवटी त्याने भावाचे खांदे धरले. वर चंद्राबाईने पाय रोवून फळी ओढली.

पाणी आलं आणि तिघांना उचललं. वळणावर हिसका बसला तेव्हा विमलच्या डोक्यावरचा पदर उडाला आणि ती ओरडली. अशी ओरडली की उंबराखालची माणसं उभी राहिली. ओरडतच ती डोहात पोचली, आणि तराफा शांत पाण्यात फिरायला लागला तरी तिचा आवाज थांबेना. मग त्या आवाजाचं रडं झालं. सहदेवने तिला जवळ घेतलं आणि रडू दिलं. किती वर्षांचं होतं ते, त्याला ठाऊक होतं.

कोंडाजी मागे वळून वळून वरच्या खिंडीकडे बघत होता. तराफ्यावर बसल्याला त्याला जन्म लोटला होता, आणि काठाने पळताना ही वाट केवढी लांब वाटायची.

"येवढंच?" तो म्हणाला. "संपलंसुदिक?"

"येवढंच असतं, दादा."

"आन ह्या येवढ्याशासाठी तू येत व्हतास?"

"ह्या येवढ्याशासाठी तू दगड वाहत व्हतास," सहदेव म्हणाला.

विमलने डोळे पुसले. डोक्यावर पदर घ्यायचा राहूनच गेला होता. ती थोरल्या दिराकडे वळली आणि जावेच्या आडून नाही, सरळ त्याच्याशी बोलली. "भावजी, व्हडी चालती की कोरड्या नदीत. मीच येडी."

कोंडाजी तराफ्यावरून कंबरभर पाण्यात उतरला. काठाने चंद्राबाई धापा टाकत येत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, फळी हातात तशीच, तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू. तिला बघितलं आणि त्या महाकंजूष माणसाने डोहात उभं राहून, दोन्ही हात वर करून, अख्ख्या नदीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"चंद्रे, पाह्यलंस का?"

"पाह्यलं, पाह्यलं!" ती काठावरून म्हणाली. "आता भाईर या. भाकऱ्या टाकायच्या हायत अजून."